हरवलेल्या चावीची नोंद पुसून घ्या

गाडीची बटणवाली स्मार्ट चावी हरवली, तर नवी चावी गाडीशी जुळवून घेतली की काम झालं, असं वाटतं. पण हरवलेली चावी गाडीच्या मेमरीत तशीच राहते. जिच्या हाती लागेल ती व्यक्ती गाडी सुरूही करू शकते. त्या चावीची नोंद पुसायला नवी चावी जुळवणाऱ्याला आवर्जून सांगा. आणि त्याच्याकडे जाताना उरलेल्या सगळ्या चाव्या सोबत न्या! बऱ्याच गाड्यांत आधीच्या नोंदी एकदमच पुसल्या जातात, मग घरी राहिलेली चावी बाद.

चावीच बिघडली असं वाटत असेल तर आधी सेल बदला, बहुतेकदा सीआर २०३२ असतो. सेल पार उतरला तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवली की बऱ्याच गाड्या सुरू होतात, कारण चावीच्या आतल्या इमोबिलायझर चिपला (गाडीला खरी चावी ओळखू देणाऱ्या चिपला) गाडीकडूनच ऊर्जा मिळते. दारासाठी चावीच्या पोटात धातूचं पातं असतं, बाजूची छोटी खिट्टी सरकवून ते ओढायचं.