शब्दचर्चा : पडलेला एक 'क'

प्रश्न

तेलशुद्धीकरणावरच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. कच्च्या तेलापासून निघालेल्या डिझेल-पेट्रोलमधला गंधक काढण्याच्या प्रक्रियेला मी 'निर्गंधीकरण' लिहिलं. मुद्रितशोधनात कुणाला काही खटकलं नाही. पण कारखान्यातल्या एका इंजिनिअरने पान परत पाठवलं, समासात लाल शाईने एवढंच : "हे युनिट वेगळं, ते युनिट वेगळं." म्हणजे नेमकं काय चुकलं? आणि डिसल्फरायझेशनला सरळ शब्द कोणता?

प्रतिसाद

तुमचा 'क' पडलाय. गंध घालवणं ते निर्गंधीकरण, गंधक घालवणं ते निर्गंधकीकरण. एरवी ही मुद्रणातली चूक म्हणून सोडून दिली असती, पण तेलाच्या कारखान्यात ही दोन्ही कामं खरोखरच होतात, त्यामुळे इंजिनिअरचं बरोबर आहे.

केरोसीन किंवा विमानाच्या इंधनात मर्कॅप्टन नावाची गंधकाची संयुगं असतात. वास इतका उग्र की किंचित अंशही नाकाला कळतो. कॉस्टिक सोडा, हवा आणि उत्प्रेरक यांच्या मदतीने दोन-दोन मर्कॅप्टन एकमेकांना जोडून त्यांचं डायसल्फाइड करतात. वास गेला, पण गंधक होता तिथेच, तेलात! कारखान्यात याला 'स्वीटनिंग' म्हणतात. तुम्ही लिहिलेला शब्द या कामाला चपखल बसतो. फक्त तुम्हाला हे काम सांगायचं नव्हतं.

डिझेलचा मामला वेगळा. तिथे तेल हायड्रोजनसोबत ३०० ते ४०० अंश सेल्सिअस तापमानाला, भरपूर दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. गंधक कार्बनपासून तुटतो आणि हायड्रोजनशी संयोग पावून हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन बाहेर पडतो. हा वायू सडक्या अंड्यांच्या वासाचा आणि जीवघेणा विषारी. तो अमाइनच्या द्रावणात शोषून घेतात, मग क्लाउस प्रक्रियेत त्याचा एक तृतीयांश भाग जाळून सल्फर डायऑक्साइड करतात. तो उरलेल्या दोन भागांशी भिडला की पिवळाधमक गंधक आणि पाणी. आणि त्या शुद्ध गंधकाला वास जवळजवळ नसतोच. नाव 'गंधक', आणि गंध सगळा त्याच्या संयुगांचा.

प्रतिसाद

'निर्' उपसर्गाला माझी हरकत आहे. निर्जंतुकीकरण म्हटलं की एकही जंतू उरला नाही असा दावा असतो. डिझेलमध्ये तसं होत नाही. युरोपात २००९ पासूनची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, म्हणजे एका टनात १० ग्रॅम गंधक चालतो. जहाजांच्या इंधनात तर १ जानेवारी २०२० पासून ०.५ टक्के, त्याआधी ३.५ टक्के होता. ज्या तेलात अर्धा टक्का गंधक राहू दिलाय त्याला 'निर्गंधक' म्हणणं धाडसाचं आहे. 'गंधक कमी करणे' लिहा की! तीन शब्द लागतात म्हणून इतकं घाबरायचं कशाला?

प्रतिसाद

'गंधकशोधन' कसं वाटतं? सुटसुटीत आहे.

प्रतिसाद

सुटसुटीत आहे, पण शब्द आधीच घेतलेला आहे. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातू-खनिजांच्या औषधशास्त्रात, गंधकशोधन म्हणजे गंधकालाच शुद्ध करणं, तोही औषधात घालण्यासाठी. इथे गंधक हाच मळ आहे. जाणत्या वाचकाच्या मनात अर्थ नेमका उलटा उमटेल.

रसशास्त्राचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. मर्कॅप्टन हे नाव लॅटिनमधून बनवलेलं, अर्थ 'पारा पकडणारा', कारण ही संयुगं पाऱ्याशी घट्ट जुळतात. आपल्याकडच्या रसशास्त्रातही पारा आणि गंधक एकत्र खलून कज्जली करतात. संस्कृतात गंधकाला 'शुल्वारि' असंही नाव आहे : शुल्व म्हणजे तांबं, त्याचा अरि. आजच्या प्रयोगशाळेत या वैराचीच परीक्षा घेतात. घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी ५० अंशांच्या इंधनात तीन तास बुडवून ठेवायची, मग काढून रंग पाहायचा. पट्टी काळवंडली तर तेलात अजून खोडकर गंधक आहे. निव्वळ जुळून आलेली गोष्ट असेल, पण मला ती फार आवडते.

प्रतिसाद

पुस्तिकेत 'स्वीट क्रूड', 'सॉवर क्रूड' येणारच, तेव्हा आधीच सावध करतो. कमी गंधकाचं ते स्वीट, साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की सॉवर. याचं 'गोडे तेल' केलंत तर वाचक थेट फोडणीत जाईल! आणि 'आम्लयुक्त तेल' तर चुकीचंच, कच्च्या तेलाची आम्लता वेगळी मोजतात. कारखान्यातल्या 'सॉवर वॉटर'मध्ये हायड्रोजन सल्फाइडबरोबर अमोनियाही असतो, त्याला 'आंबट पाणी' म्हणून काय साधणार? मी 'अल्पगंधकी' आणि 'बहुगंधकी' वापरतो. रूक्ष आहेत, पण फसवत नाहीत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. असं ठरवलंय : मथळ्यात 'निर्गंधकीकरण', कारण कोशाच्या वळणाचा एक शब्द तिथे लागतोच. मजकुरात मात्र 'गंधक काढणे' किंवा 'कमी करणे'. स्वीटनिंगला माझं जुनं 'निर्गंधीकरण', म्हणजे ते पान अगदीच वाया गेलं नाही. अल्पगंधकी-बहुगंधकी उचलतोय.

पण आता पुढच्याच पानावर अडलोय. घरगुती गॅसमधले मर्कॅप्टन कॉस्टिकने धुऊन काढतात, आणि गळती झाली तर कळावी म्हणून सिलिंडरमध्ये भरण्याआधी त्यात मोजून इथाइल मर्कॅप्टन घालतात. या वास लावण्याला काय म्हणायचं? 'गंधीकरण' लिहिलंय, पण मुद्रितशोधक यात 'क' घालेल अशी धास्ती आहे.