८-फुटी टेबलवर रॅक घट्ट बसत नाही: त्रिकोण बदलायचा की टेम्प्लेट घ्यायचं?

घोडबंदरकर

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये ८-फुटी पूल टेबल आहे, स्लेटचं. रोजचा खेळ ८-बॉल, सुट्टीच्या दिवशी थोडं ९-बॉल. रॅक (त्रिकोणात रचलेले बॉल) कितीही दाबून लावला तरी त्रिकोण उचलला की पुढचा बॉल केसभर सुटतो. मग ब्रेक (डाव फोडणारा पहिला फटका) मेल्यासारखा होतो, मागच्या ओळीतले दोन-तीन बॉल जागचे हलतही नाहीत. त्रिकोण टेबलाबरोबर आलेला काळा प्लॅस्टिकचा.

कमिटीने एका वस्तूला मंजुरी दिली आहे (दुसरीसाठी पुढच्या वार्षिक सभेची वाट बघावी लागेल). समोर तीन पर्याय आहेत: जाड लाकडी त्रिकोण, डेल्टा-१३ सारखा ॲल्युमिनियमचा, किंवा मॅजिक रॅकसारखं टेम्प्लेट, म्हणजे बॉल बसवायची भोकं असलेली पातळ शीट. कोणता घ्यावा? शीटमुळे कापड खराब होतं का? आणि मुलं रोज हाताळणार, हेही धरून सांगा.

वाशी_सेक्टर१७

आधी काहीच घेऊ नका. सैल रॅकचा दोष चार ठिकाणी असू शकतो: बॉल, कापड, त्रिकोण, हात. कुठला ते शोधायला पैसे लागत नाहीत.

रॅक लावा, त्रिकोण उचला, फट कुठे आहे ते बघा. समोर खाली वाकून, मागून मोबाइलचा टॉर्च लावला की उजेड आरपार येतो. डोळ्यांवर विश्वास नसेल तर झेरॉक्सच्या कागदाची सेंटीमीटरभर रुंद पट्टी कापा आणि दोन बॉलच्या मधून वरून खाली सोडा. बॉल खरंच चिकटलेले असतील तर पट्टी बरोबर मध्यावर अडते. खाली कापडापर्यंत गेली तर फट आहे. साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे फट निदान तेवढी तरी आहेच.

आता ज्या बॉलपाशी फट आहे तो उचला, दुसऱ्या जागच्या बॉलशी अदलाबदल करा आणि पुन्हा रॅक लावा. फट बॉलबरोबर फिरली तर दोष बॉलचा. बॉल बदलूनही त्याच जागी राहिली तर कापडाला खळगा आहे किंवा टेबल तिथे कललं आहे. दर वेळी वेगळ्याच जागी निघाली तर त्रिकोण किंवा लावणारा हात.

ही तपासणी न करता शीट आणली तर ती बॉलमधला फरक भरून काढणार नाही. शीटचा उपयोग कापडाच्या खळग्यांवर आणि हाताच्या चुकांवर. ५७.१५ मिमीच्या (पूल बॉलचा ठरलेला व्यास) शेजारी ५६.९ चा बॉल ठेवून कुठलंच साधन रॅक बंद करू शकत नाही.

नौपाड्याचा_मार्कर

वरच्याशी सहमत. हाताची पद्धत सांगतो, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

बहुतेक जण त्रिकोणाने बॉल पुढे ढकलतात आणि स्पॉटवर (पुढचा बॉल ठेवायच्या खुणेवर) आले की सरळ वर उचलतात. त्यात दोन चुका. पहिली, त्रिकोणाची मागची पट्टी ढकलते तेव्हा शेवटच्या ओळीवरचा दाब सगळीकडे सारखा नसतो. दुसरी, उचलताना बाजूच्या भिंती बॉलना घासतात आणि कडेचे बॉल हलतात.

बरोबर असं: बॉल लावून त्रिकोण स्पॉटच्या थोडा पुढे न्या आणि मागे ओढत पुढचा बॉल स्पॉटवर आणा. दोन्ही हातांची बोटं मागची पट्टी आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये घाला, पाचही बॉलना बोट लागलं पाहिजे, आणि पुढे दाबून धरा. बॉल किंचित गोल फिरत एकमेकांत बसताना जाणवतात. मग बोटं अलगद काढा, झटक्याने नाही, झटक्याने काढली की मागची ओळ बोटांबरोबर मागे येते. त्यानंतर त्रिकोण दोन-तीन मिमी पुढे सरकवा म्हणजे दोन्ही बाजूच्या भिंती सुटतात. आणि मग सरळ वर. मागच्या पट्टीपाशी बोटांएवढी मोकळी जागा असायलाच हवी. ज्या त्रिकोणात बॉल गच्च बसतात तो त्रिकोण कामाचा नाही. लोकांना उलट वाटतं.

माप घ्यायचं तर हिशेब सोपा. १५ बॉल पूर्ण चिकटलेले असताना मागची ओळ ५ × ५७.१५ म्हणजे २८५.७५ मिमी रुंद असते आणि पुढच्या बॉलच्या टोकापासून मागच्या ओळीच्या पाठीपर्यंत साधारण २५५ मिमी. आतली लांबी याहून बोटाच्या जाडीएवढी जास्त हवी. स्नूकरचा त्रिकोण चालवू नका. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, त्याची मागची ओळ २६२.५ मिमीतच संपते.

नेरुळ_फिनॉलिक

त्रिकोणाच्या मालाबद्दल. प्लॅस्टिकवाल्याची परीक्षा घरबसल्या होते: एक बाजू टेबलाच्या कडेला टेकवा आणि समोरची बाजू अंगठ्याने मधोमध दाबा. वाकलेली दिसली तर बोटांचा दाब भिंत खाऊन टाकते, बॉलपर्यंत पोचतच नाही. तुमचा बहुधा तसाच आहे.

लाकडी त्रिकोण दिसायला छान, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की लाकूड फुगतं आणि कोपऱ्यांचे सांधे उघडतात. एकदा कोपरा उघडला की त्रिकोण समभुज राहत नाही. घ्यायचाच तर कोपऱ्यात आतून खाच घालून पट्टी बसवलेला घ्या, नुसता डिंकाने चिकटवलेला नको.

ॲल्युमिनियम वाकत नाही, फुगत नाही. मुलांच्या हातात तोच टिकेल. फक्त तळाच्या कडा गोल केलेल्या आहेत ना ते बोट फिरवून बघा. धार असेल तर कापडावर रेघा उमटतील.

९-बॉलबद्दल एक. १-२-३-२-१ असा हिरा १५ च्या त्रिकोणात लावला तर पुढच्या तीन ओळींनाच भिंतीचा आधार मिळतो, मागचे तीन बॉल बोटांच्या भरवशावर. म्हणून ९-बॉल जास्त खेळत असाल तर शीटचं पारडं जड होतं.

घोडबंदरकर

अदलाबदल करून पाहिली. दोन गोष्टी निघाल्या. पुढच्या बॉलमागची फट कुठलाही बॉल ठेवला तरी तिथेच राहते. आणि मागच्या बाजूची फट ४, ६, ११, १३ या बॉलबरोबर फिरते. वागळे इस्टेटमधून डिजिटल व्हर्नियर आणून मोजलं: बाकीचे ५७.१० ते ५७.१५, हे चार ५६.८५ ते ५६.९०. त्यांचा रंगही किंचित पिवळट आहे. म्हणजे दोन सेट एकत्र झालेत?

वाशी_सेक्टर१७

हो, हे चार दुसऱ्या सेटचे, किंवा कुणीतरी हरवलेले बॉल स्वस्तातल्या पॉलिस्टरच्या बॉलनी भरून काढलेत. फिनॉलिकचा (कडक रेझिनचा) बॉल हळू झिजतो. एक खात्री करून घ्या: प्रत्येक बॉल तीन वेगवेगळ्या दिशांनी मोजा. तिन्ही मापं सारखी आली तर बॉल मुळातच लहान आहे, वेगवेगळी आली तर तो झिजून वेडावाकडा झालाय. किचनच्या काट्यावर वजनही बघा, नियमात १५६ ते १७० ग्रॅम बसतं.

जागतिक पूल संघटनेच्या नियमात बॉलच्या व्यासाला ०.१२७ मिमी कमी-जास्तची सूट आहे. म्हणजे ५७.०३ चा बॉलही नियमात आणि ५७.२७ चाही. दोन्ही एका रॅकमध्ये आले तर पाव मिमीचा फरक पडतोच. त्यामुळे सेट घेताना ‘नियमाप्रमाणे’ एवढं ऐकून थांबू नका, सोळा बॉल एकमेकांशी किती जुळतात ते विचारा. धोबी तलावला खेळाच्या दुकानात जाणार असाल तर व्हर्नियर खिशात ठेवा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

सेट येईपर्यंतचा जुगाड: लहान चारही बॉल मागच्या ओळीत. ४ आणि ११ दोन कोपऱ्यांत (एक भरीव रंगाचा, एक पट्ट्याचा, म्हणजे मागच्या कोपऱ्यांत एकेक ठेवायचा नियमही पाळला जातो), ६ आणि १३ त्यांच्या आत. तिथले बॉल पुढच्या ओळीच्या खाचेत टेकतात, फट फक्त शेजाऱ्याशी राहते. ब्रेकची ताकद पुढच्या बॉलमधून दुसऱ्या ओळीच्या दोघांत जाते, त्या तिघांचा संपर्क एकदम पक्का हवा. ९-बॉलमध्ये ४ किंवा ६ शेवटच्या टोकाला, दुसरा त्याच्या पुढच्या ओळीत.

नौपाड्याचा_मार्कर

पुढची फट म्हणजे कापडाचा खळगा, शंका नको. पांढऱ्याचा सगळा मार पुढच्या बॉलवर बसतो आणि तो बॉल कापडात दाबला जातो. शेकडो ब्रेक एकाच बिंदूवर झाले की तिथे वाटी होते. बॉल स्पॉटवर ठेवला की वाटीच्या तळाशी घरंगळतो आणि मागच्या दोघांपासून सुटतो.

स्पॉटवर काळं गोल स्टिकर आहे का? असेल तर ते काढा. जाड स्टिकरच्या कडेवर बॉल उभा राहतच नाही. काढल्यावर चिकटा राहिला तर ओलसर कापडाने टिपून घ्या, थिनर नको. स्पॉट पेन्सिलच्या बारीक फुलीने दाखवा: लांबीच्या मध्यरेषेवर, मागच्या कुशनच्या नाकापासून (पुढे आलेल्या कडेपासून) खेळायच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर. खेळायची लांबी ९२ इंच असेल तर तो २३ इंचांवर येतो.

खळग्यावर फुकटचा उपाय म्हणजे टेबल उलटं वापरा. रॅक दुसऱ्या टोकाला लावा आणि ब्रेक या टोकाकडून घ्या. त्या टोकाचं कापड जवळजवळ नवंच असतं. त्याआधी तिथली पातळी बघा. सुताराच्या स्पिरिट लेव्हलवर हे कळत नाही. बॉल अगदी हळू, कुशनला जेमतेम पोचेल इतक्या वेगाने सोडा, चारही दिशांनी. शेवटच्या वीतभर अंतरात वळला तर पायाखालचे लेव्हलर फिरवावे लागतील.

रबाळे_लेझर

शीटला कमिटीचे पैसे का घालता? रबाळे एमआयडीसीत लेझर कटिंगवाले पंधरा मिनिटांत कापून देतात. ०.१५ मिमीची पॉलिएस्टर शीट, १५ भोकं, ४ मिमी व्यासाची, त्रिकोणी जाळीत. केंद्र ते केंद्र ५७.१५ नव्हे, ५७.०५ ठेवा, म्हणजे बॉल एकमेकांवर रेलतात. त्याच भोकांवर ९ चा हिराही बसतो.

४ मिमी का, तर एवढ्या भोकात ५७ मिमीचा बॉल फक्त ०.०७ मिमी खाली उतरतो. शीट ०.१५ ची, म्हणजे बॉल भोकाच्या काठावर बसतो, कापडाला टेकत नाही. खालचा खळगा मग आड येत नाही. भोक ६ मिमीचं केलं तर बॉल काठाला न लागता थेट कापडावर, आणि शीट असून नसल्यासारखी.

पीव्हीसीची शीट देऊ नका. लेझरखाली तिच्यातून क्लोरीनयुक्त वायू निघतो. चांगला कारागीर तसाही नाहीच म्हणेल.

नेरुळ_फिनॉलिक

हिशेब बरोबर, दोन गोष्टींची भर घालतो. लेझरने भोकाच्या कडेला वितळलेल्या मालाची बारीक किनार उठते. नखाने चाचपा आणि बारीक पॉलिश पेपरने उतरवा, नाहीतर बॉल त्या किनारीवर डोलतो. आणि ०.१० मिमीच्या शीटमध्ये भोकं केली तर एका बाजूच्या ५ भोकांच्या रेषेत काही महिन्यांत चिरा पडतात. 

कापडाचं विचारलं होतं. शीटने कापड खराब होत नाही, उलट पुढच्या बॉलचा मार थोडा वाटला जातो. कापडाला त्रास होतो तो बॉल वरून ठोकून खळगे पाडण्याच्या पद्धतीने. ते नका करू, त्यातही तुमच्याकडे बॉल दोन मापांचे असताना. खळगे एका मापाला पडतात, दुसऱ्या मापाचा बॉल त्यात बसत नाही, आणि हळू जाणारा बॉल त्यांवरून वळतो. नियमावलीचाही कल ठोकण्याऐवजी ब्रश मारून कापड सारखं करण्याकडेच आहे.

शीटची खरी डोकेदुखी खेळताना होते. ब्रेकनंतर एखादा बॉल तिच्यावरच थांबतो. घरचा नियम आधीच ठरवा: शीटवर बॉल नसेल तर लगेच काढायची. असेल तर तो बॉल तिथून हलेपर्यंत राहू द्यायची. आणि मुलांना सांगा, ओढताना सपाट, मुरडून नाही. घडी पडलेली शीट त्याच दिवशी बाद. ठेवताना गुंडाळू नका, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा.

शीटवर ९-बॉल खेळलात तर कडेचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये सारखा जायला लागेल. मग ९ नंबर स्पॉटवर ठेवा, म्हणजे सगळा रॅक ९९ मिमी पुढे येतो. मोठ्या स्पर्धांतही हाच इलाज करतात.

घोडबंदरकर

म्हणजे एका मंजुरीत बॉलचा सेट, शीट रबाळ्यातून स्वखर्चाने, आणि त्रिकोण आहे तोच, फक्त बॉल गोळा करायला. नवे बॉल कसे जपायचे?

वाशी_सेक्टर१७

बरोबर. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मायक्रोफायबरने पुसून लगेच कोरडे. भिजत ठेवायचे नाहीत, कारचं वॅक्स लावायचं नाही, त्याच्या थरावर खडूची पूड चिकटते. पावसाळ्यात आठवड्याला एकदा, एरवी पंधरवड्याला. कापडाला ब्रश रोज, एकाच दिशेने. आणि जुने चार बॉल कपाटात टाकू नका, कुणीतरी पुन्हा मिसळेल. ते सरळ क्लबहाऊसमधून बाहेर काढा.