अ‍ॅरिझोनातील हॉलब्रुक आणि विन्स्लो: जुन्या इमारती पाहण्यासाठी दोन दिवस द्यावेत का?

माहीमकर

नमस्कार मंडळी. येत्या ऑक्टोबरमध्ये आम्ही उभयता मुलीकडे फिनिक्सला जाणार आहोत. ग्रँड कॅन्यनचा बेत मुलीने आणि जावईबापूंनी आधीच पक्का केलेला आहे. माझी स्वतःची इच्छा मात्र थोडी निराळी आहे. नोकरीच्या काळात मधल्या सुट्टीत फोर्टातल्या आणि सुट्टीच्या दिवशी गिरगाव-भायखळ्याच्या जुन्या इमारती पाहत हिंडण्याची जी सवय जडली, तिला अनुसरून अमेरिकेच्या पश्चिमेकडचे एखादे रेल्वेमुळे वसलेले लहान गाव सावकाश पायी पाहावे, असे मनात आहे. नकाशा चाळताना हॉलब्रुक आणि विन्स्लो ही दोन गावे नजरेत भरली, कारण दोन्ही रूट ६६ या जुन्या महामार्गावर आहेत आणि फिनिक्सहून फार दूर नाहीत. जावईबापू म्हणतात की तिथे लोक फक्त पेट्रोल भरायला थांबतात.

जाणकारांना माझे प्रश्न असे: या दोन गावांसाठी दोन दिवस राखून ठेवावेत का? तिथे नेमके काय आणि कसे पाहावे? जावईबापूंना गाडी काढायला न लावता आगगाडीने जाता येईल का? आणि लोकांच्या दुकानांची, घरांची छायाचित्रे काढल्यास कोणी हरकत घेते का?

अनघा_पार्ले

काका, दोन दिवस अवश्य द्या, पण मुक्काम विन्स्लोला करा आणि हॉलब्रुकला दिवसभरासाठी जा. दोन्ही गावांमध्ये जेमतेम ५०-५५ किलोमीटरचे अंतर आहे.

आगगाडीचा विचार मात्र सोडून द्यावा लागेल. शिकागो आणि लॉस एंजेलिस यांच्या दरम्यान धावणारी साउथवेस्ट चीफ विन्स्लोला थांबते, पण ती दोन्ही दिशांना दिवसातून एकदाच येते, हॉलब्रुकला थांबत नाही, आणि फिनिक्सला तर लांब पल्ल्याची प्रवासी गाडी मुळातच नाही. पेसनमार्गे मोटारीने विन्स्लोला पोहोचायला साडेतीन तास धरा.

विन्स्लोतली पाहण्याजोगी वास्तू म्हणजे ला पोसादा हॉटेल. सांता फे रेल्वेच्या प्रवाशांसाठी फ्रेड हार्वे कंपनीने ते १९३० मध्ये उघडले आणि त्याचा आराखडा मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी केला. त्या काळात बायकांना या व्यवसायात किती थारा होता हे लक्षात घेतले, तर त्यांचे काम पाहताना अधिकच कौतुक वाटते. एका सधन स्पॅनिश घराण्याची पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेली हवेली असावी, अशी कल्पित कथा त्यांनी आधी रचली आणि मग कमानी, जाड भिंती, लाकडी तुळया आणि बागा त्या कथेला साजेशा बसवल्या. हॉटेल १९५७ मध्ये बंद पडले, सामानसुमान विकले गेले, आतल्या दालनांचे तुकडे पाडून रेल्वेने तिथे कचेऱ्या थाटल्या. १९९७ मध्ये ते नव्या मालकांच्या हाती आले आणि जीर्णोद्धार सुरू झाला. एक गोष्ट आवर्जून पाहा: हॉटेलचे खरे तोंड रुळांकडे आहे. पाहुणे गाडीतून उतरत, बाग ओलांडून थेट आत येत. आज आपण मोटारीने ज्या बाजूने शिरतो, ती मुळात मागची बाजू आहे.

ही खूणगाठ मनाशी बांधली, की गावाची रचना उलगडायला वेळ लागत नाही. आधी रूळ आले, म्हणून सर्वांत जुन्या इमारती रुळांकडे तोंड करून आहेत. मग १९२६ मध्ये रूट ६६ ठरला, तेव्हा दुकाने, मोटेल आणि पेट्रोलपंप त्या रस्त्याकडे वळले. पुढे आंतरराज्य महामार्ग ४० गावाच्या बाहेरून गेला आणि गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर बाहेर गेले. १९८५ मध्ये तर रूट ६६ हा क्रमांकच अधिकृत यादीतून काढण्यात आला. द्रुतगती मार्ग झाल्यावर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या खानावळींचे जे झाले, ते आठवा म्हणजे पुरे.

मुलुंडचा_भटक्या

अनघाताईंचे विवेचन उत्तम आहे, पण काकांना दुसरी बाजूही कळायला हवी. हॉलब्रुकमध्ये अनेक दुकाने बंद आहेत, रस्ते रुंद आणि ओसाड आहेत, आणि पोस्टकार्डावरचे पश्चिमेकडचे गाव डोळ्यांसमोर ठेवून जाणाऱ्याचा पार हिरमोड होतो. देखणेपणच हवे असेल तर विल्यम्स हे गाव अधिक नीटनेटके आहे आणि ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरही आहे. रूट ६६ वरच्या गावांपैकी महामार्गाने सर्वांत शेवटी, १९८४ मध्ये, वगळलेले गाव ते हेच.

हॉलब्रुकचे नाव निघाले की लोक तिथल्या तंबूच्या आकाराच्या खोल्यांच्या विगवॅम मोटेलचे कौतुक करतात; त्याविषयीही माझे मत जरा वेगळे आहे. १९५० मध्ये चेस्टर लुइस यांनी बांधलेले सिमेंटचे १५ शंकू, समोर जुन्या मोटारी उभ्या, हे सगळे मौजेचे आहे यात वाद नाही. मूळ कल्पना केंटकीच्या फ्रँक रेडफर्ड यांची होती. तिच्या मोबदल्यात लुइस यांनी खोल्यांत नाणे टाकून चालणारे रेडिओ बसवले आणि अर्ध्या तासाला एक डाइम (दहा सेंटचे नाणे) या दराने जमणारी रक्कम रेडफर्डना पाठवली, हा व्यवहार मला त्या शंकूंपेक्षाही मजेदार वाटतो. पण हा आकार दूरच्या मैदानी प्रदेशातील जमातींच्या तंबूचा आहे. या परिसरातल्या नावाहो लोकांचे पारंपरिक घर लाकूड-मातीचे आणि बुटके असते. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला भुलवण्यासाठी परक्यांनी उभे केलेले हे चित्र आहे, एवढे भान ठेवून पाहावे. हॉलब्रुकमधल्याच दगड विकणाऱ्या दुकानाबाहेरचे सिमेंटचे डायनोसॉर या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावे लागतील, कारण त्यांचा कोणालाच अपमान वाटत नाही.

जुनी_वीट

व्यवसायाने वास्तुजतनाच्या क्षेत्रात असल्यामुळे थोडी भर घालतो. हॉलब्रुकची ओसाडी हेच मला तिथे जाण्याचे कारण वाटते, कारण नव्या रंगरंगोटीखाली जुने बांधकाम झाकले गेलेले नाही.

सुरुवात १८९८ च्या न्यायालयाच्या इमारतीपासून करावी. आता तिथे संग्रहालय आहे. तळाशी असलेला तुरुंग चुकवू नका. त्याच्या लोखंडी कोठड्या सेंट लुइसमध्ये तयार होऊन रेल्वेने इथवर आल्या, आणि भिंतींवर कैद्यांनी काढलेली चित्रे अजून दिसतात. जानेवारी १९०० मध्ये जॉर्ज स्मायली या कैद्याला इथे फाशी दिली गेली. त्या प्रसंगाची निमंत्रणपत्रिका शेरीफ फ्रँक वॉट्रन यांनी एखाद्या समारंभाची असावी अशा थाटात छापली होती; तिचा बोभाटा राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यापर्यंत गेला, तारीख पुढे ढकलावी लागली आणि दुसऱ्यांदा गंभीर मजकुराची पत्रिका काढावी लागली. जवळच ब्लेव्हिन्स कुटुंबाचे लहानसे घर उभे आहे. सप्टेंबर १८८७ मध्ये शेरीफ पेरी ओवेन्स यांनी एकट्याने तिथे तिघांना ठार केले होते. घर इतके साधे आहे, की माहिती नसलेला माणूस त्याच्याकडे वळूनही पाहणार नाही.

इमारती पाहताना दर्शनी बाजूवर फार वेळ घालवू नका. पश्चिमेकडच्या जुन्या बाजारपेठांत पुढची भिंत छपराच्या वर चढवून दुकान दुमजली भासवण्याची पद्धत होती, म्हणून बाजूच्या गल्लीत शिरून खरी उंची पाहावी. मोकळ्या भूखंडाकडच्या बाजूच्या भिंतींवर कधीकधी विटांवर रंगवलेल्या जाहिराती पुसटशा उरलेल्या असतात. दुकानाच्या दारापाशी बिडाचे खांब दिसले, तर खाली वाकून घोट्याच्या उंचीवर ओतशाळेचे नाव कोरले आहे का ते पाहा. सेंट लुइस आणि इव्हान्सव्हिलच्या मेस्कर बंधूंच्या कारखान्यांतून असे दर्शनी भाग यादीतून निवडून मागवता येत आणि रेल्वेने सुटे येत. आपल्या काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा बिडाचा सांगाडाही इंग्लंडात घडवून जहाजाने आणला होता, त्यामुळे काकांच्या नजरेला हे नवे नाही.

घरून निघण्यापूर्वी आणखी एक करावे. अग्निविम्यासाठी सॅनबोर्न कंपनीने अमेरिकेतल्या असंख्य गावांचे नकाशे काढले होते, आणि त्यांतले पुष्कळसे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. गुलाबी म्हणजे वीट, पिवळे म्हणजे लाकूड, निळे म्हणजे दगड. छापून सोबत ठेवले, तर आजच्या रिकाम्या भूखंडावर पूर्वी काय होते ते जागेवर उभे राहून समजते.

विन्स्लोच्या चौकातही थोडा वेळ काढा. एका गाजलेल्या गाण्यात या गावाचे नाव आल्यामुळे १९९९ मध्ये तिथे पुतळा आणि खोट्या खिडक्यांचे भित्तिचित्र झाले. २००४ मध्ये त्यामागची इमारत जळाली आणि चित्राची भिंत मात्र वाचली. लोक पुतळ्यासोबत छायाचित्र काढून निघून जातात. आपण भिंतीच्या मागे जाऊन या.

माहीमकर

मंडळी, अपेक्षेपेक्षा किती तरी अधिक मिळाले. विन्स्लोचा मुक्काम ठरला. अशा इमारतींना तिथे आपल्यासारखे वारसा श्रेणीचे संरक्षण असते का? आणि छायाचित्रांचा प्रश्न राहिलाच.

जुनी_वीट

१९६६ च्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि विगवॅम मोटेलही तीत आहे, पण ही नोंद प्रामुख्याने सन्मानाची असते. केंद्र सरकारचा पैसा किंवा परवाना गुंतलेला नसेल, तर खाजगी मालक स्वखर्चाने नोंदलेली इमारत पाडूही शकतो, मात्र स्थानिक नगरपालिकेचा स्वतंत्र नियम आड येत नसेल तर. मुंबईत १९९५ च्या नियमावलीनंतर श्रेणीतील इमारतीला हात लावण्यापूर्वी वारसा समितीकडे जावे लागते. आपण त्या समितीच्या नावाने कितीही बोटे मोडली, तरी हा फरक लहान नाही.

अनघा_पार्ले

सार्वजनिक पदपथावरून इमारतीचे छायाचित्र काढायला आडकाठी नसते. कुंपण ओलांडून किंवा पडक्या घरात डोकावून काढणे मात्र अंगाशी येऊ शकते, आणि रुळांवर तर मुळीच उतरू नका. ती मालगाड्यांची अत्यंत वर्दळीची मुख्य मार्गिका आहे, शिवाय तिथे पाऊल टाकणे हा गुन्हा ठरतो. दुकानदाराला आधी विचारले तर तो बहुधा स्वतःच आत बोलावून जुनी छायाचित्रे दाखवतो.

हॉलब्रुकहून पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान जवळ आहे, तिथे जाणे होईलच. उद्यानातला अश्मीभूत लाकडाचा लहानसा तुकडाही उचलणे बेकायदा आहे. गावातल्या दुकानांत मिळणारे तुकडे खाजगी जमिनीवरचे असतात, ते खुशाल विकत घ्या, पण पावती जपून ठेवा आणि खरेदी उद्यान पाहून झाल्यावरच करा, म्हणजे बाहेर पडताना कोणी विचारलेच तर खुलासे करत बसावे लागणार नाही.