लाल रेघ नाही म्हणजे शब्द बरोबर, असं नसतं

एकांनी लिहिलंय की कॉम्प्युटरवर इंग्रजी लिहिताना शब्दाखाली लाल रेघ आली नाही म्हणजे स्पेलिंग बरोबर. नाही हो, इथेच फसगत होते. साधा स्पेलचेक शब्द कोशात आहे का, एवढंच बघतो. तुम्हाला तोच शब्द हवा होता का, हे त्याला कळत नाही.

माझा भाचा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मेल लिहितो. ‘ही ऑर्डर गमवायची नाही’ असं म्हणायचं होतं, पण ‘लूझ’मध्ये (lose) एक ‘ओ’ जास्त पडला आणि झालं ‘लूस’ (loose), म्हणजे सुटं. द्राक्षांच्या धंद्यात सुटा माल म्हणजे वेगळंच प्रकरण, त्यामुळे समोरून पॅकिंगबद्दल विचारणा आली.

कॉलेज रोडवरच्या स्टेशनरीच्या पाट्याही नीट वाचा. वह्या-पेनांची ती ‘stationery’; तिच्यातल्या शेवटून तिसऱ्या ‘ई’च्या (e) जागी ‘ए’ (a) पडला की होतं ‘stationary’, म्हणजे ‘जागेवर स्थिर’. दोन्ही शब्दांचं लॅटिन मूळ मात्र एकच: फिरत न राहता एका जागी दुकान मांडणारा तो स्टेशनर. मी मुलांना सांगते, एन्व्हलपचा ‘ई’ आठवा, कधी चुकणार नाही.

आणि शंका आली तर त्या वाक्याचं मनात मराठी करून बघा. चुकीचा शब्द लगेच खटकतो.