नक्कल करणाऱ्याशी आधी बोलायचं, की आधी त्याची साइट पाडायची?

साखळीमास्तर

सायकल दुरुस्तीवर माझी साइट आहे. सहा वर्षांत साठेक लेख झाले, फोटो सगळे स्वतः काढलेले. मागच्या आठवड्यात एका वाचकाचा मेल आला: "तुमची दुसरी साइटही आवडली, पण नाव का बदललंत?" म्हटलं, कुठली दुसरी? उघडून बघतो तर घर माझंच, दारावरची पाटी तेवढी दुसऱ्याची. डावीकडचा मेनू, वरची नारिंगी पट्टी, लेखांचा क्रम, चेन का घसरते त्या लेखातला माझा पाणचट विनोदसुद्धा. चाक सरळ करण्याच्या लेखात स्पोकची चावी फिरवणारा माझा अंगठा दिसतो. त्या दिवशी तो कापला होता, म्हणून त्याला निळी चिकटपट्टी आहे. तो अंगठा आता पट्टीसकट त्यांच्याकडे नोकरीला आहे.

त्याच लेखात मी "३२ आरे" लिहायच्या जागी "२३ आरे" टंकलं होतं. माझ्याकडे ते दुरुस्त करून वर्ष झालं. त्यांच्याकडे अजून २३च. म्हणजे माल उचलून वर्ष तरी उलटलंय.

माझं मत असं की अशा माणसाला "नमस्कार, आपण कृपया" वगैरे लिहीत बसायचं नाही. होस्टला (ज्या कंपनीच्या सर्व्हरवर त्यांची साइट ठेवलीय तिला), सर्च इंजिनला, सगळीकडे एकाच दिवशी नोटिसा. मित्र म्हणतात आधी बोलून बघ. मला पटत नाही. तुमचं काय म्हणणं?

रात्रपाळी

नोटिशीला माझी ना नाही, पण जरा दमानं. मी काही वर्षं एका होस्टिंग कंपनीत ह्याच तक्रारी वाचायचं काम केलंय. "माझी अख्खी साइट चोरली आहे, त्वरित कारवाई करा, अन्यथा परिणामांना तयार राहा" अशी तीन पानी तक्रार यायची आणि तीत एकाही पानाचा पत्ता नसायचा. आम्ही काय शोधायचं होतं?

होस्ट अमेरिकेतला असेल तर १९९८ चा डीएमसीए हा तिथला कॉपीराइटचा कायदा लागतो, आणि तक्रारीत काय हवं ते त्यात ठरलेलं आहे. मूळ मजकूर कुठला, नक्कल नेमकी कुठल्या पत्त्यावर, तुमचा संपर्क, हा वापर विनापरवाना आहे असं प्रामाणिकपणे वाटतं हे विधान, माहिती खरी असल्याचं विधान, हक्कदार तुम्हीच (किंवा त्याच्या वतीने बोलणारे) आहात हे शपथेवर, आणि सही. टंकलेली सही चालते. साठ लेख असतील तर साठ जोड्या करा: हा माझा, तो त्याचा. काम कंटाळवाणं आहे, पण पलीकडच्या माणसाला दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडता आल्या की पाच मिनिटांत निकाल लागतो.

आणि ह्या सगळ्याच्या आधी पुरावा. वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती तारखेसकट साठवणारा सार्वजनिक संग्रह) त्यांची पानं आजच जतन करा. तुमच्या जुन्या प्रतीही तिथे शोधा. २३ आऱ्यांची तुमची जुनी प्रत तारखेसकट सापडली तर सोन्याहून पिवळं. पण फक्त वेबॅकवर विसंबू नका, साइटचा मालक तिथली पानं काढून घेण्याची विनंती करू शकतो. पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट स्वतःकडेही ठेवा.

अर्धविराम

मी दुसऱ्या बाजूची. माझ्या विणकामाच्या नमुन्यांची अशीच नक्कल झाली होती. तुमच्यासारखीच पेटले होते, पण आधी मेल टाकला. चार ओळी: ही माझी पानं, ही तुमची, शुक्रवारपर्यंत काढा. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी कुणाला तरी पैसे देऊन साइट करून घेतली होती, आणि त्याने "मजकूरही मीच लिहून देतो" म्हणून माझा भरला होता. त्यांना विणकामातलं ओ की ठो येत नव्हतं. संध्याकाळी सगळं गायब. मी थेट नोटीस ठोकली असती तर एका फसवल्या गेलेल्या बाईची अख्खी साइट बंद पाडली असती.

पाटीमागे कोण बसलंय हे तुम्हाला अजून माहीत नाही, साखळीमास्तर. "चोर" म्हणायची घाई नको.

साखळीमास्तर

फसवले गेलेले असोत नाहीतर फसवणारे, अंगठा माझाच आहे ना? आणि मेल मिळाल्यावर दहातले नऊ जण काय करतात? लेखाची दोन वाक्यं इकडची तिकडे करतात आणि म्हणतात, आता हे आमचं.

रात्रपाळी

म्हणूनच पुरावा आधी म्हटलं. तो हातात असला की मेल आधी का नोटीस आधी ह्याने फारसं बिघडत नाही. तो नसताना मेल टाकलात तर मात्र स्वतःच्या हाताने खुणा पुसायला सांगितल्यासारखं आहे.

उंटावरचा_शहाणा

माझं ऐका आणि सोडून द्या. गंभीरपणे सांगतोय. साठ जोड्या करायला दोन रात्री जातील. तेवढ्या वेळात दोन लेख लिहून होतात. नक्कल करणारा कायम एक वर्ष मागेच राहणार, तुमचं ते २३ चं उदाहरणच बघा. गूगल दोन सारख्या पानांतलं सहसा एकच दाखवतं, आणि जुनं, मुरलेलं, ज्याला लोकांनी दुवे दिलेत ते पुढे राहतं. नकलेमुळे मूळ साइटला "दंड" होतो ही भीती अंगात भरवून लोक गल्ला भरतात.

साखळीमास्तर

सोडून द्यायला माझा स्वभाव आड येतो, हे एक. दुसरं, मला हे कळलंच कसं? वाचक फसला म्हणून. गूगल ओळखेल हो, माणूस नाही ओळखत. उद्या कुणी त्यांच्याकडचं वाचून २३ आऱ्यांचं चाक बांधायला घेतलं तर शिव्या मलाच.

चौकट

सगळे मजकुराबद्दल बोलताय, मी डिझाइनबद्दल विचारते. ही नारिंगी पट्टी आणि डावीकडचा मेनू तुम्ही स्वतः बनवलात का? का विकत घेतलेली थीम, म्हणजे साइटचा तयार साचा आहे?

साखळीमास्तर

थीम विकतची आहे. पण रंग मी निवडले, मेनूची मांडणी माझी.

चौकट

वाटलंच. मग तीच थीम त्यांनीही घेतली असू शकते, परवान्यासकट, अगदी कायदेशीर. नारिंगी रंगावर तुमचा हक्क नाही. डावीकडे मेनू ठेवण्यावर तर कुणाचाच नाही.

ॲपलने १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला होता तोही ह्याच "दिसायला आमच्यासारखं" मुद्द्यावर. ॲपलने १८९ गोष्टींची यादी दिली. कोर्टाने बघितलं तर त्यातल्या १७९ वापरायची परवानगी ॲपलनेच विंडोजच्या पहिल्या आवृत्तीच्या वेळच्या करारात देऊन ठेवली होती. उरलेल्या दहातल्या बहुतेकांवर हक्क सांगताच येत नाही असं ठरलं. १९९४ मध्ये अपिलातही ॲपल हरली. तुमचं प्रकरण त्याच वळणाचं आहे: जे तुम्ही ढापलं म्हणताय त्यातलं बरंचसं तुमचंही परवान्यावरचंच आहे.

आणि मजकुरातही सरसकट हात मारू नका. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ही माहिती आहे. ती तुमच्या आधीही होती आणि उद्या कुणीही लिहील. माहितीवर हक्क नसतो, ती सांगण्याच्या तुमच्या शब्दांवर असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका टेलिफोन डिरेक्टरीच्या खटल्यात हेच सांगितलं होतं: नावं-नंबर गोळा करायला कितीही घाम गाळला असेल, त्या नोंदी कुणाच्या होत नाहीत.

साखळीमास्तर

म्हणजे मी सहा वर्षं काळे हात करून मिळवलेलं ज्ञान "माहिती", आणि चोराने उचललं की तीच "परवाना". चोराची वकिली चाललीय इथे.

चौकट

वकिली नाही हो. तुमच्या नोटिशीत "नारिंगी पट्टी" दिसली की पुढचे खरे मुद्दे वाचणाऱ्याच्या मनात हलके पडतात, एवढंच सांगतेय. अंगठ्याचा फोटो, तो विनोद, तुमची वाक्यं, ही पक्की बाजू आहे. ती पुढे करा.

काडीपेटी

फोटो त्यांच्या सर्व्हरवर आहेत का तुमच्याच सर्व्हरवरून ओढलेत ते बघितलंत का? चित्रावर राइट क्लिक करून पत्ता बघा. तुमच्याच डोमेनचा निघाला तर त्या नावाखाली दुसरं चित्र ठेवा: "हा लेख चोरीचा आहे" असं लाल अक्षरात. त्यांच्या पहिल्या पानावर झळकेल. नोटीसही नको नि मेलही नको. 😀

अर्धविराम

ह्याने भांडण मिटत नाही, चिघळतं. आणि स्वतःच्या लेखातली चित्रं आधी दुसऱ्या नावाने चढवायला विसरलात तर तुमच्याच वाचकांना ते लाल अक्षर दिसेल.

काडीपेटी

हो, एकाने तसं केलं होतं. तो एक मीच.

साखळीमास्तर

बघितलं. तीन फोटो खरंच माझ्या सर्व्हरवरून जात आहेत, बाकीचे उतरवून घेतलेत. आणि आणखी एक सापडलं. काही पानांचा सोर्स उघडला तर त्यात कॅनॉनिकल टॅग माझ्याच पानाचा आहे. मूळ पान कुठलं ते सर्च इंजिनला सांगणारी ही ओळ. म्हणजे एचटीएमएल जसंच्या तसं उचललं आणि "खरा मालक तो" अशी चिठ्ठीही सोबत चिकटवून नेली!

उंटावरचा_शहाणा

बघा, मी काय म्हणत होतो. ते स्वतःच गूगलला सांगतायत की मूळ तुमचं. झोपा निवांत.

रात्रपाळी

ती ओळ म्हणजे इशारा, सक्ती नाही. आणि त्यांच्या लक्षात आलं की एका मिनिटात काढतील. सोर्सही जतन करून ठेवा, फक्त स्क्रीनशॉटवर ते दिसणार नाही.

आता नोटीस पाठवताय असं धरून दोन गोष्टी. एक, डोमेनचा आयपी (सर्व्हरचा आकडी पत्ता) शोधल्यावर क्लाउडफ्लेअर दिसलं तर तो होस्ट असेलच असं नाही, बहुतेकदा मध्ये उभा राहिलेला दारवान असतो. तो तुमची तक्रार खऱ्या होस्टकडे पाठवतो आणि साइटवाल्याकडेही, तुमच्या नावा-पत्त्यासकट. गूगलला दिलेली नोटीस ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जाते, तिथेही तुमचं नाव दिसू शकतं. घरचा नंबर देऊ नका, साइटचा मेल द्या. आणि गूगलने काढलं म्हणजे शोधातून काढलं, पान जागच्या जागी राहतं.

दोन, समोरच्याने "हे माझंच आहे" अशी प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही कोर्टात गेला नाहीत, तर होस्ट १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पान परत चढवतो. त्या वेळी तुमच्याकडे काय असेल? म्हणून चौकट म्हणतात ते ऐका, कच्चं काही घालू नका. जाणूनबुजून खोटा दावा केला तर त्याच कायद्यात नुकसानभरपाईही लागते.

अर्धविराम

एवढं सगळं रामायण. आणि माझं काम चार ओळींत झालं होतं.

रात्रपाळी

तुमच्या नशिबात उत्तर देणाऱ्या बाई होत्या, ताई. माझ्या टेबलावर यायचे ते सगळे चार ओळी लिहून थकलेले.

अर्धविराम

अहो, ज्यांचं मेलवर मिटतं ते तुमच्या टेबलापर्यंत येतीलच कशाला? तुम्ही फक्त न मिटलेली भांडणं बघितलीत आणि त्यावरून जग ठरवलंत.

रात्रपाळी

हे मात्र खरंय. गप्प बसतो.

साखळीमास्तर

दहा दिवसांनी लिहितोय. साठ नाही, एकोणीस लेख निवडले. जिथे शब्द न् शब्द माझा आणि फोटो माझे, तेवढेच. डिझाइनचा उल्लेख केला नाही (चौकट, हे तुमच्यामुळे, जरा कुरकुरतच). नोटीस थेट होस्टला, आधी मेल न टाकता. चौथ्या दिवशी साइटच्या मालकाचा मेल आला. अर्धविराम, तुम्ही हसाल: त्यांनीही साइट कुणाकडून तरी करून घेतली आहे आणि त्यांना "काहीच कल्पना नव्हती". माफी मागितली, एकोणीसच काय, बाकीचेही लेख काढतो म्हणाले.

अर्धविराम

हसत नाहीये. पण मेल टाकला असतात तर हेच उत्तर आलं असतं.

साखळीमास्तर

आलं असतं? होस्टने कान पकडल्याशिवाय? मला नाही वाटत. "कल्पना नव्हती" हे नोटिशीनंतर सगळेच म्हणतात.

उंटावरचा_शहाणा

आणि त्या दहा दिवसांत नवा लेख किती लिहिलात?

साखळीमास्तर

शून्य. मान्य.

नारिंगी पट्टी अजून तिथेच आहे, तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. लेख सगळे गेले. आत्ता सहज त्यांचं "आमच्याविषयी" पान उघडलं. "आमचे अनुभवी कारागीर" असा मथळा, आणि खाली निळी पट्टी बांधलेला माझा अंगठा. रात्रपाळी, एका फोटोसाठी नोटीस नव्याने लिहावी लागते का जुन्याच तक्रारीखाली पत्ता वाढवून चालतो?