परदेशात तबल्याचे कार्यक्रम : सुरुवात कुठून करावी?

सोळामात्रा : नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, तबला वाजवतो. विशारद झालोय, साथीला बोलावतात, पण गणपती-नवरात्र आणि दिवाळी पहाट सोडली तर हाताला काम नाही. शिकवण्यांवर घर चालतं. एक मध्यस्थ अमेरिकेत कार्यक्रम देतो म्हणतोय. दीड लाख आगाऊ मागतोय आणि टुरिस्ट व्हिसा काढा म्हणतोय. जावं का?

न्यूजर्सीकर : पैसे अजिबात देऊ नका. मानधन घेऊन वाजवायला टुरिस्ट व्हिसा चालत नाही, आणि पकडले गेलात तर पुढचे व्हिसाही अवघड होतात. पारंपरिक कलांसाठी पी-३ व्हिसा असतो. त्याचा आय-१२९ अर्ज कलाकार नाही, तिकडचा आयोजक भरतो; सोबत करार, कार्यक्रमांच्या तारखा आणि जाणकारांची पत्रं लागतात. मध्यस्थाला एवढंच विचारा, अर्ज कोण भरतंय?

मी इथल्या मराठी मंडळाचं काम करतो. नवख्या कलाकाराचा खर्च एका मंडळाला झेपत नाही, तीन-चार गावं मिळून दौरा ठरतो. त्यामुळे दौऱ्यावर निघालेल्या गायकाची साथ, ही तबलजीसाठी खरी वाट. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (इकडच्या मराठी मंडळांची शिखर संस्था) अधिवेशनावर आत्ताच आशा ठेवू नका, तिथे नावाजलेल्यांचीच रांग असते.

खर्जातली_ताई : युरोपचाही विचार कर रे. मी नेदरलँड्समध्ये आहे. रॉटरडॅमच्या संगीत विद्यालयात पं. हरिप्रसाद चौरसियांनी अनेक वर्षं शिकवलंय. इथे बासरी-सतार शिकणाऱ्यांना रियाजाला तबला हवाच असतो. आधी ऑनलाइन शिकव. इथले संध्याकाळचे सहा म्हणजे हिवाळ्यात तुझे रात्रीचे साडेदहा. पुढे तेच शिष्य घरगुती बैठका ठरवतात.

व्हिडिओ मोबाईलवरचा चालेल, पण पंधरा मिनिटं सलग तीनताल, कापाकापी नको. नुसत्या रेल्याच्या (जलद बोलांच्या वादनाच्या) तुकड्यावरून कोणी बोलवत नाही. डग्ग्याची घुमक मोबाईलचा माइक खाऊन टाकतो, तिथे वेगळा माइक लाव. लेहराही (तालाची आवर्तनं दाखवणारी साथीची धूनही) स्पष्ट हवा. आणि आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) कलाकार-यादीसाठी अर्ज कर, दिरंगाई होते पण सोडू नकोस.

सोळामात्रा : मध्यस्थाला विचारलं. "ते तुम्ही बघू नका" म्हणाला. नाही सांगून टाकलं. ताई, रविवारी रेकॉर्डिंग करतोय. एक शंका, विमानात तबला आणि तो सुरात लावायची हातोडी कशी न्यायची?

खर्जातली_ताई : हातोडी चेक-इन बॅगेत टाक, केबिनमध्ये काढून घेतात. हीटरच्या कोरड्या हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) ताणली जाऊन सूर चढतो, म्हणून तासभर आधी पोचून तबला उघडून ठेवायचा आणि मगच सुरात लावायचा. रेकॉर्डिंग झालं की मला पाठव.