अनुभव धागा: मासे येण्याआधीचं आज्ञापालन

आज्ञापालनावर प्रवचन असलं की अब्राहाम, नोहा, मोशे यांची उदाहरणं येतात. आपल्यावर तारू बांधायची वेळ येत नाही. आपली परीक्षा बाजारात होते, शेताच्या बांधावर होते, आजाऱ्याच्या खाटेशी होते. म्हणून हा धागा काढतोय.

बायबलमधल्या लूकच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू येतो तेव्हा कोळी जाळी धूत असतात. किनाऱ्यावर वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जाळी धुवायला घेतली म्हणजे दिवसाचं काम आटोपलं. रात्र फुकट गेलेली, अंग मोडून आलेलं, आणि तीच जाळी परत पाण्यात सोडली की परत धुणं आलं. तरी प्रभूने सांगितल्यावर त्यांच्यातल्या पेत्राने ‘आपल्या सांगण्यावरून’ म्हणत ती सोडली. मासे नंतर आले. तुमच्या आयुष्यातला मासे येण्याआधीचा भाग लिहा. आले नसतील तरीही लिहा. कॅथलिक असा, प्रोटेस्टंट असा, सगळ्यांनी लिहा. नाव नको, गाव आणि काम पुरे.

देवगड तालुका, आंबा बागायतदार

आमची कलमं वडिलांच्या हातची. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वाटलं, आता भेसळ थांबेल. पण नाव छापलेल्या पेटीलाच भाव आला. हंगामात कर्नाटकचा आंबाही बाजारात उतरतो. वरून तसाच दिसतो, साल जरा जाड, कापला की केशरीऐवजी पिवळा. एक व्यापारी घरी येऊन म्हणाला, “वरचा थर तुमचा, खालचं आम्ही भरतो. पेटी तेवढी तुमच्या नावाची. सगळेच करतात.”

त्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर खाल्ला होता. औषधाच्या दुकानात उधारी, वर सोसायटीचं कर्ज. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांतलं वचन मला लहानपणापासून पाठ. पण पाठ असणं वेगळं आणि समोर रोख पैसे घेऊन माणूस बसलेला असणं वेगळं.

बायको आढी परतत होती. पेंढ्यात हात घालून एकेक फळ काढायचं, देठाशी अंगठ्याने हलकेच दाबायचं, तयार असेल ते बाजूला, नसेल ते पुन्हा पेंढ्यात. तिने मान वर केली नाही. “आपल्या नावाच्या पेटीत आपलाच आंबा जायचा,” एवढंच म्हणाली. मी व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगितलं.

कर्ज पुढच्या वर्षावर गेलं. पुढच्या हंगामात दुप्पट पीक आलं, असंही काही घडलं नाही. आता मुंबईच्या काही घरांत आमच्या पेट्या थेट जातात, पण ते बरंच नंतरचं. साक्ष देताना आपण आधी मोबदला सांगतो, ते मला पटत नाही. मोबदला मिळाला नसता तरी त्या दिवशी नाही म्हणणंच बरोबर होतं.

उत्तन, घरची बोट आहे

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. माशांच्या पोटात गाबोळी असते तो हा काळ. सुकवलेले बोंबील आणि जवळा विकून दोन महिने काढायचे. एकदा शेजारची बोट बंदीत रात्री गेली आणि भरून आली, कोणी पकडलं नाही. घरात मुलगे चुळबुळायला लागले. सासरे म्हणाले, “दर्या देवाचा, कागद सरकारचा. दोघं एकच सांगतात तर आपण मध्ये वाद घालणारे कोण?” बोट शाकारलेलीच राहिली.

वेंगुर्ला, निवृत्त परिचारिका

माझं शिक्षण मिरजेला झालं, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. शस्त्रक्रियेआधी प्रार्थना, मग सुरी, ही तिथली शिस्त अंगात मुरली. नोकरीभर प्रार्थना कधी चुकली नाही. मग यजमान वारले आणि तोंडातून शब्दच फुटेना. देवावर राग होता असंही नाही. आत सगळं कोरडं होतं.

आमच्या पाळकबाईंनी मला एकच काम दिलं. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचायचं. समजलं पाहिजे, रडू आलं पाहिजे, बरं वाटलं पाहिजे, अशी कसलीच अट नाही. मी ते काम ड्युटीसारखं केलं. संध्याकाळी दिवा लावून चष्मा पुसायचा आणि वाचायचं. ८८वं स्तोत्र आलं त्या दिवशी मी थांबले. इतर विलापस्तोत्रांत शेवटाकडे कुठेतरी आशेची ओळ येते. हे स्तोत्र अंधारातच संपतं. म्हणजे असा माणूसही पवित्र शास्त्रात बसतो, त्याचीही प्रार्थना देवाने ठेवून घेतली. माझा विश्वास परत आला तो असा, वाचता वाचता, मन लागत नसताना. भावना आल्याशिवाय प्रार्थना करणं हे ढोंग आहे असं तरुण मुली मला म्हणतात. मी त्यांना अगदी कळकळीने सांगते, तसं नाही गं. ते ढोंग नाही.

सावंतवाडीजवळचं गाव, शेती

सातबाऱ्यावर बारा नावं, जमीन सामाईक, आणि धाकट्या भावाशी बांधावरून कोर्टात केस. आमच्या भागात हे घरोघरी आहे. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात कुमसाराला, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली द्यायला गेलो. फादरनी मत्तयातलं वचन काढलं: वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. मी म्हटलं, फादर, चूक त्याची आहे. ते म्हणाले, वचनात चूक कोणाची ते विचारलेलंच नाही.

गेलो. खळ्यात उभा राहिलो. भाऊ पडवीत बसून कोयता पाजळत होता. त्याने बघितलं आणि पुन्हा पाजळायला लागला. पाण्याचा थेंब दगडावर, पातं पुढे, पातं मागे. मी काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, त्यातलं काही आठवेना. वहिनी दारात आली, म्हणाली, “भायर कित्याक उभे? भितुर येवा.” त्या दिवशी भाऊ बोलला नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. चहा मात्र मिळाला.

केस अजून आहे, वाटपाचा नकाशा मोजणीखात्यात आहे. पण आईच्या पुण्यतिथीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) दोघं एका बाकावर बसलो. जमीन मिळेल तेव्हा मिळेल. मला आता तिची तेवढी घाई नाही.

रत्नागिरी, बँकेत नोकरी

वरचं सगळं वाचून भरून आलं, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. लग्नानंतर काही वर्षं मला एकच वचन ऐकवलं गेलं: पत्नींनो, पतीच्या अधीन असा. हात उगारला गेला की त्यानंतर हेच वचन. इफिसकरांस पत्रात त्याच्या आधीचंच वचन ‘एकमेकांच्या अधीन’ असण्याबद्दल आहे आणि पुढे नवऱ्याला ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी प्रीती करायला सांगितलंय, हे कोणी वाचून दाखवलं नाही. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असं प्रेषित न्यायसभेपुढे म्हणाले. मी ते वचन धरून माहेरी आले आणि पोलिसांत लेखी दिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत कठीण आज्ञापालन ते हेच. कोणी बहीण गप्प राहणं म्हणजे विश्वास समजत असेल, तर तिने हे नक्की वाचावं.

दापोली, निवृत्त शिक्षक

रत्नागिरीच्या ताईंना माझा पूर्ण पाठिंबा. त्याला जोडून एक. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक. त्यांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा आपण अभिमानाने सांगतो. पण त्या निर्णयाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीही मोजली. नवऱ्यापासून ताटातूट, लहान मूल, नातेवाइकांचं घर. त्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं ते काही वर्षांनी, स्वतःच्या बुद्धीने. आपल्या आज्ञापालनाचा भार घरातल्या कोणावर पडतो, हे प्रत्येकाने बघायला हवं, आणि त्या माणसाला त्याच्या वेळेने येऊ द्यायला हवं.

तारकर्ली, होमस्टेवर कामाला

मी वयाने सगळ्यांत लहान असेन. रविवार म्हणजे आमचा गर्दीचा दिवस. पर्यटक न्याहारीला बसतात तेव्हाच चर्चची घंटा होते. मालक चांगले आहेत, पण हंगामात रविवारी सकाळी सोडत नाहीत. त्यांना न सांगता सटकणं मला जमलं असतं, पण तेही खोटंच झालं असतं. मी शनिवारी रात्रीच घावनाचं पीठ, नारळ आणि चटणीची तयारी करून ठेवतो, पहाटेच्या मिस्साला जाऊन परत येतो, असं त्यांना विचारलं आहे. ते बघू म्हणालेत. अशा कामात कोणी असेल तर कसं जमवता ते इथे लिहा.